भानूची उलटी कॉइल

मोटर भरायच्या दुकानात एक पत्र्याचा डबा असतो. काम करताना उरलेले तांब्याच्या तारेचे तुकडे त्यात पडत राहतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण एक दिवस डबा उचलायला जावं तर दोन हात लागतात! ‘कडबा’चे किस्से माझ्याकडे असेच जमलेत.

‘कडबा’ म्हणजे आमच्या नगरकडच्या कर्जतचा रॉक बँड. हसू नका, नाव पोरांनीच ठेवलंय. माझा लेक भानू पाण्याच्या मोटरी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी गुंडाळतो, आणि बँडमध्ये गिटार वाजवतो. सागर गातो, त्याचं खताचं दुकान. अस्लम ड्रम बडवतो, त्याचं वेल्डिंगचं. पोपट जाड तारांची गिटार वाजवतो, तिला बेस म्हणतात. तो एसटीत कंडक्टर. तिकिटाचा जुना पंच त्यानं जपून ठेवलाय, आणि गाणं सुरू करायचं झालं की पंच माईकच्या दांड्यावर दोनदा आपटतो. टिंग टिंग! गाडी सुटली!

रविवारी दुपारी भानूच्या दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि आत प्रॅक्टिस चालते. रॉक म्हणजे काय असं मला विचाराल, तर वरचा पत्रा हलला पाहिजे. पण पत्रा हलवतात ते बाकीचे तिघं. भानू काय करतो ते कळायला कान लावावा लागतो, आणि कान लावणारं माणूस भेटेना! लोक सागरचे केस बघायचे, अस्लमचे दंड बघायचे. मग मधी अशी वेळ आली, की भानू बँडमध्ये राहतो का जातो. ते सांगतेच, पण आधी हे ऐका. मी बोलते, नात राणी लिहून घेते. अक्षराशी माझं जमलं नाही कधी, पण आवाज एकदा कानात गेला की तिथंच घर करतो.

* * *

भानूच्या नखांपासून सुरुवात करते.

गिटार वाजवणारे हातात प्लास्टिकची छोटी पट्टी धरतात. भानूला पट्टी चालत नाही, तो बोटांनी तारा छेडतो. त्यामुळं उजव्या हाताची नखं वाढलेली. डाव्या हाताची पार कापलेली, कारण त्या हातानं तारा दाबायच्या. आम्हाला सवय होती. पण सुनीताला बघायला गेलो, तेव्हा तिच्या मामांची नजर पोह्यांच्या बशीवरून जी या हातांवर गेली, ती तिथंच राहिली.

“पाव्हणं, एक इचारू का? एकाच हाताची नखं कशी काय? अंगात-बिंगात येतं का?”

“न्हाई मामा. गिटार वाजवतो.”

“अन् दुसरा हात काय करतो?”

“त्योबी वाजवतो.”

“मग त्याची का कापली?”

भानू समजावून सांगायला लागला, तसा मामांचा संशय वाढतच चालला. तेवढ्यात खाली मान घालून बसलेली सुनीता, तशीच खाली मान ठेवून म्हणाली, “नखं चालतील मला. फकस्त भांडी घासायच्या टायमाला त्यांची आठवन काढू नका म्हनावं!”

सोयरीक जमली. रविवारची भांडी आजही भानू घासतो. डाव्या हातानं!

* * *

अस्लमला हे बोटांचं प्रकरण पटायचं नाही. “भानूभाई, रॉकवाले सब पट्टीनंच वाजवतात. बोटांनी भाकरी थापतात!” एकदा पुण्याला पत्रे आणायला गेला, तर येताना रंगीबेरंगी पट्ट्यांचं पाकीटच घेऊन आला. भानूनं प्रेमानं घेतलं. कुणाचं मन मोडणं त्याला जमत नाही.

महिनाभरानं अस्लमच्या दुकानातल्या ग्राइंडरची मोटर जळाली. भानूनं भरून दिली. पुन्हा कशासाठी तरी अस्लमनं ती उघडली आणि तसाच दुकानात आला. “भाई! आत खाचांत लाल-निळं काय घातलंय?”

भानू म्हणाला, “तुझ्याच पट्ट्या. तार खाचेतून वर येऊ ने म्हनून पाचर लागती. लई फिट्ट बसल्या बघ!”

अस्लम म्हणाला, “चला, वाजत न्हाईत तर न्हाईत. फिरत तरी हायेत!”

* * *

आता कॉइलचं. हे नीट ऐका, पुढं लागणार आहे.

भानूनं आणलेली गिटार जुनी, दुसऱ्याची वापरलेली. तारांच्या खाली चुंबक असतं आणि त्याच्याभोवती कॉइल. तीच तारेचा आवाज पकडून स्पीकरला देते. ती होती जळकी, आवाज पिंपात खडे टाकल्यासारखा. दुसरा कुणी असता तर नवी आणली असती. भानूनं काय केलं, पंपाच्या जुन्या स्टार्टरमधली केसासारखी बारीक तार सोडवली आणि गिटारीत कॉइली दोन असतात, त्या दोन्ही स्वतः भरल्या! मी समोर बसून तारेचं रीळ धरलं होतं. जोरात शिंकलं तरी तुटायची. मी नाक दाबून बसले.

भरून झाली, जोडली, वाजवली. आवाज आला तो कसा? पोकळ. नाकातून. रिकाम्या हौदाच्या तळाशी बसून कुणीतरी आपलं मन सांगतंय, असा.

भानूनं कपाळावर हात मारला. “आई, चुकलं. एक कॉइल उलटी जोडली गेली.”

मोटरीत कॉइल उलटी पडली तर पंप उलटा फिरतो आणि पाणी येत नाही. जन्मभर ज्या चुकीवरून दुसऱ्यांना हसला, तीच करून बसला! त्यानं पक्कड उचलली. मी म्हटलं, “थांब. अजून एकदा वाजव.”

त्यानं वाजवलं. जाड तारेवर अंगठा, बारीक तारांवर बोटं. एकेक सूर ओला होऊन बाहेर यायला लागला. भानूनं माझ्याकडं बघितलं आणि पक्कड खाली ठेवली.

दारात नामदेव शिंदे उभा. टाकळीकडचा लिंबाच्या बागेवाला, त्याची मोटर आठवडाभर आमच्याकडं पडून होती. तो सगळं ऐकून म्हणाला, “आवाज झ्याक हाय भानूशेठ. पर माझी मोटर तशीच, अन् हिला पहिला नंबर? ही किती एचपीची भरली?”

* * *

एका दुपारी मी ओट्यावर लिंबं निवडत होते. आत दुकानात गिटार चाललेली. एक जण खालच्या सुरात सावकाश चालतोय, बैल घरच्या वाटेनं चालावा तसा. दुसरा त्याच्या वरून बागडतोय, पुढं पळतोय, मागं येतोय. मी सुनीताला हाक दिली, “भानूकडं कुनीतरी वाजवनारं आलंय गं. च्या दोघांचा टाक.”

सुनीता दोन कप घेऊन आत गेली आणि तशीच बाहेर आली. “आत्या, आत हे एकटंच हायेत!”

मला खरं वाटेना. मी उठून गेले. खरंच एकटा. अंगठा एकाचं काम करत होता आणि तीन बोटं दुसऱ्याचं.

मी दोन्ही कप त्याच्याच पुढं ठेवले. म्हटलं, “घे. दोघंबी दमला असाल.”

* * *

एवढं असून जत्रेत वाजवायला गेलं की काय व्हायचं? सागरला फेटा, अस्लमला फेटा, पोपटला फेटा. भानूच्या वेळेला फेटे संपलेले! एका गावात तर सरपंचांनी माईकवर सगळ्यांची ओळख करून दिली आणि भानूकडं हात करून म्हणाले, “अन् हे यांचे वायरमन.”

त्याच कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला जनरेटर बंद पडला. सगळं चिडीचूप. लोक शिट्ट्या मारायला लागले. भानूनं गिटार खाली ठेवली, उडी मारली, जनरेटरचं झाकण उघडलं. घटकाभरात भक्क करून दिवे आले! अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या.

टेम्पोत परत येताना भानू हसत म्हणाला, “आई, बघितलंस का? किती टाळ्या!”

मी बघितलं होतं. त्या जनरेटरला होत्या. मी त्याच्या खांद्यावर शाल टाकली.

* * *

मग नगरच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. मोठा हॉल, बाहेरगावचे बँड, रेकॉर्डिंग करणारे लोक येणार. सागर दुकानात आला, तो भानूकडं न जाता माझ्याजवळ ओट्यावर बसला.

“आजी, तुमीच सांगा भानूदादाला. नगरला पुण्याचा निशांत वाजवंल. लई फास्ट हाय त्यो. दादानं मागं बसून साथ द्यावी. त्यांच्या गिटारीचा आवाजबी जरा... आजारी वाटतो. लोकांना चकाचक लागतं. अन् ह्ये जमलं तर पुढं निशांतच.”

मी म्हटलं, “सागऱ्या, गातोस ते स्वतःच्या तोंडानंच ना? मग ह्येबी त्याच तोंडानं सांग.”

त्यानं सांगितलं. भानू “बरं” म्हणाला. एवढंच.

रविवारी निशांत आला. पोरगं गुणी, आल्या आल्या पाया पडलं. वाजवायला लागला तर बोटं दिसेनात! अस्लमनं काड्या खाली ठेवल्या आणि विचारलं, “भाई, मागं कुत्रं लागलंय का?” पोरगंच आधी हसलं. मग भानूची गिटार ऐकून ते जवळ सरकलं. “दादा, हा टोन कशाचा? कुठलं मशीन लावलंय?”

“स्टार्टरची तार हाय,” भानू म्हणाला.

निशांतला वाटलं थट्टा करतोय. अस्लमनं मग त्याला पट्ट्यांचा किस्साही सांगितला, मोटरीत कशा घातल्या तो. निशांत हसून हसून खाली बसला. पण जाताना त्याची नजर भानूच्या अंगठ्यावर होती.

त्यानंतर दोन-तीन दिवस भानू गिटार उघडून बसलेला दिसायचा. मला वाटलं, धूळ पुसत असेल.

* * *

नगरला आम्ही नामदेवच्या टेम्पोतून गेलो. सामान मागं, मी पुढं. नामदेव म्हणाला, “आजी, माझी मोटर थांबवून भरलेली गिटार हाय ती. आपला बी हक्क हाय ऐकायचा!”

कार्यक्रमाच्या आधी हॉलमध्ये आवाज तपासायचा असतो. खुर्च्या भरत चाललेल्या. मी पुढच्या रांगेत बसले. निशांत पुढं उभा, भानू मागं ड्रमच्या बाजूला. त्यांच्या ‘खोल’ नावाच्या गाण्याची सुरुवात भानूच्या बोटांनी होते. बोअर घेताना खाली-खाली जात राहतात आणि पाणी लागत नाही, असं ते गाणं. मधला मोठा तुकडा आता निशांतकडं दिलेला.

भानूनं सुरुवात वाजवली.

मी उठले. तशीच स्टेजच्या पायऱ्या चढून वर गेले. कुणीतरी “ओ आजी, ओ आजी” करत मागं आलं.

“भानू, ही कुनाची गिटार आनलीस?”

“आपलीच की, आई.”

“आपली न्हाई ही.”

त्यानं खाली बघितलं. “कॉइल सुलटी केली. सागर म्हनतो त्ये काही खोटं न्हाई. आता समद्यांसारखी वाजती.”

“मग मी टेम्पोत जाऊन बसते,” मी म्हटलं. “समद्यांसारखं ऐकायचं, तर कर्जतहून नगरला कशाला यायचं?”

आणि खरंच वळले! पायरी उतरले. तोवर मागून स्क्रूचा आवाज आला. वळून बघते, तर भानू स्टेजवर मांडी घालून बसलेला, खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून गिटारीचं झाकण उघडतोय. खुर्च्यांवरून कुणीतरी ओरडलं, “वायरमन आला रे!” लोक हसले. सागरचा चेहरा पडला. “दादा, लोक बघतायत! आता न्हाई!” भानूनं वर बघितलं नाही. कॉइलच्या तारा सोडल्या, पुन्हा उलट्या जोडून पिळल्या, झाकण लावलं. मोटरवाल्याचा पीळ, निघत नसतो.

मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.

कार्यक्रम सुरू झाला. पोपटनं पंच आपटला. टिंग टिंग! ‘खोल’ सुरू झालं. सागर गायला, आणि चांगला गायला, खोटं कशाला बोलू? मधला तुकडा आला. निशांत एक पाऊल पुढं आला, हात तारांवर नेला, आणि थांबला. मग बाजूला सरकून त्यानं भानूकडं बघितलं.

भानू बसल्या जागेवरून वाजवायला लागला. अंगठा सावकाश निघाला. बोटं त्याच्या वरून. हौदाच्या तळाचा तो आवाज हॉलभर पसरला, माझ्या रिळावरून सुटलेली तार न तार त्यात मला ऐकू येत होती. अस्लमनं काड्या मांडीवर ठेवल्या. सागरचं पुढचं कडवं आलं आणि निघून गेलं, तो गायचंच विसरला.

भानू थांबला. हॉलमध्ये चिडीचूप. मला जत्रेतल्या जनरेटरच्या टाळ्या आठवल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून नामदेव खुर्चीवर उभा राहून ओरडला, “भानूशेठ! पानी आलं!”

आणि मग हॉल उठला. या खेपेला मी नीट बघितलं. आजूबाजूला जनरेटर नव्हता!

सगळं उरकल्यावर आम्ही टेम्पोत सामान भरत होतो. सागर आला, भानूच्या हातातून गिटारीची पेटी घेतली आणि स्वतः उचलून आत ठेवली. त्याच्या मागून निशांत आला. खिशातून आपली ती प्लास्टिकची पट्टी काढली, वाजवून वाजवून कडेला झिजलेली, आणि भानूच्या तळहातावर ठेवली.

“राहू द्या, दादा,” तो म्हणाला. “एखाद्या मोटरीत बसेल.”