इंग्लिस दाजी

उस्मानाबाद जिल्ह्यात इंग्रजी आणली ती इंग्रजांनी नव्हे, आमच्या दाजींनी. इंग्रजांची हद्द सोलापूरला संपायची आणि अलीकडे निजामाचा अंमल. तेव्हा आमच्यातले शहाणे उर्दू शिकले आणि उरलेले काहीच शिकले नाहीत. पुढे निजाम गेला आणि दाजींनी कंबर हलवत, बेंजो वाजवत सबंध जिल्ह्याला इंग्रजी गाणं ऐकवलं. अर्थ कुणालाच कळला नाही, पण त्यावाचून कुणाचं अडलंही नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. येडशी स्टेशनात पॉइंटमन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे. स्टेशनमास्तरांच्या रेडिओवर रविवारी इंग्रजी गाणी लागत. दाजी काखेत झेंड्या धरून खिडकीशी उभे राहत आणि पायांनी ठेका धरत. चाल त्यांनी दोन रविवारांत उचलली, शब्द मात्र जिभेवर बसेनात. मग येडशीत जेवढं इंग्रजी मिळत होतं तेवढं त्यांनी घेतलं, म्हणजे रेल्वेच्या डब्यातल्या पाट्या. मास्तरांकडून त्या वाचून घेतल्या, पाठ केल्या आणि चालीत बसवल्या. ‘डू नॉट लीन आउट’ हे धृपद. त्यातल्या ‘आउट’ला ते असा काही सूर लावत की जवळच्या रामलिंगाच्या देवळातली माकडं वरच्या फांदीवर जाऊन बसत. बेंजो मांडी घालून वाजवायचा असतो हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. तो गळ्यात अडकवून ते उभ्याने वाजवत आणि रंगात आले की एका पायावर गिरकी घेत. कपाळावरचा केसांचा झुबका गिरकीत हलू नये म्हणून त्याला एरंडेल चोपडलेलं असे. ते घामाबरोबर डोळ्यांत उतरायचं आणि दाजी रडत रडत गायचे. लोकांना वाटायचं, काय भाव आहे!

पहिला जलसा मालधक्क्यावर झाला, हमालांपुढे. मग लग्नाच्या वराती आल्या, जत्रा आल्या. नळदुर्गच्या धाब्यावर गायले आणि ट्रकवाल्यांनी त्यांचं नाव पार हैदराबादपर्यंत पोचवलं. तिथलाच एक ड्रायव्हर म्हणाला होता, “दाजी, खुदा कसम समझा कुछ नै, पन एक बार और गाव!”

आमचे वडील, बेंबळीचे अण्णा, एवढे मात्र बधले नाहीत. “म्या पोरगी रेल्वेच्या माणसाला दिली, नाच्याला न्हाय,” म्हणाले आणि जावयाशी बोलणं टाकलं. पंचमीला आक्काला आणायला मला धाडायचे, तेही बंद केलं. दाजींची कीर्ती वाढत गेली आणि आक्का तीन पंचम्या माहेराविना राहिली. मला फार वाईट वाटायचं. दाजींना तर जास्तच. एकदा मला म्हणाले, “पाव्हणं, सारा जिल्हा टाळ्या वाजवतोय. मामांनी नुस्ती मान हलवली आसती तर...” आणि उगाचच बेंजो पुसत बसले.

नळदुर्गला भावकीतलं लग्न निघालं. अण्णांना जाणं भाग होतं आणि गाणं दाजींचं. अण्णा पाठ फिरवून बसले. गाणं संपल्यावर मला हळूच म्हणाले, “तू कालेजात शिकलास न्हवं? काय म्हणतोय त्यो?”

थापा मला सुचत नाहीत. खरं तेच सांगितलं. “म्हणतायत, बाहेर डोकावू नका. आपलं सामान आपण सांभाळा. मुक्काम आल्याशिवाय उतरू नका.”

अण्णा म्हणाले, “बोल चांगले हायती. संतावानी. पर उड्या कशापायी मारतोय?”

पंचमी तोंडावर आली होती, तेव्हाची गोष्ट. अण्णांचे डोळे दाखवायला बार्शीला जायचं होतं. रेल्वेत बसायची त्यांची पहिलीच वेळ. सकाळी येडशीला दाजींनी लांबून हात जोडले, अण्णांनी मान वळवली. परतताना गाडीत वेळ जाईना, म्हणून अण्णांनी विचारलं, “त्या पाटीवर काय लिवलंय रं?” मी बेसावध होतो. वाचून मोकळा झालो, “बाहेर डोकावू नका. आपलं सामान आपण सांभाळा...” आणि मग ध्यानात आलं, दाजींचं गाणं म्हणजे नुसत्या पाट्या हे आता अण्णांना कळणार. गेली आक्काची यंदाचीही पंचमी.

अण्णा ताडकन उठले. “आरं, ह्ये तर आमच्या जावयाचं गाणं!” डब्यातल्या माणसांकडे वळून म्हणाले, “बगा, सरकारनं गाडीत लिवून ठिवलंय!” मग खाली बसले. “सरकारला कळलं, आन् म्या तीन वर्सं बोललो न्हाय त्याच्यासंगं.”

डॉक्टरांनी औषध घातलेले त्यांचे डोळे वाहू लागले.

येडशी आली. अण्णा काठी टेकत थेट दाजींपुढे जाऊन उभे राहिले. “जावईबापू, पंचमीला लेकीला घिऊन या. बेंजो बी आना.” गार्ड शिट्ट्या फुंकत होता, दाजींच्या हातातली हिरवी झेंडी खालीच राहिली. गाडी तेवढी लेट झाली.

आज दोघेही नाहीत. पुढे अण्णा सोयऱ्याधायऱ्यांना हौसेने ते गाडीतलं गाणं सांगायचे, तेव्हा शेजारी बसलेले दाजी मान खाली घालून जमिनीकडे बघत राहायचे. अण्णांचा गैरसमज मी कधी दूर केला नाही. दाजींनीही नाही.