पालथा कागद

रत्नाकर चांदे संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाले, पण कारखाना काही त्यांच्या हातातून गेला नाही. तिथे ते ड्राफ्ट्समन होते. नियम असा, की कुणी टेबलाजवळ आलं की कागद पालथा करायचा आणि रोज कारखाना सुटण्याआधी कच्ची चित्रं फाडून टाकायची. घरी तर अवाक्षर नाही. बायको, सुनेत्राबाई, संसारभर विचारत आल्या, "तुम्ही काढता तरी काय?" उत्तर एकच, "कामाचं." असल्या नवऱ्यापेक्षा भिंतीशी बोललेलं काय वाईट!

त्यांची नागपूरची पुतणी दीप्ती मुलांसाठी माहितीची सचित्र पुस्तकं काढते. शार्कवरच्या पुस्तकातल्या चित्रांसाठी तिनं काकांनाच गळ घातली. काकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पाणी म्हणजे नर्मदा. तरी फोटो आणि फिल्म पाहून पाहून ते चेरीताल मोहल्ल्यातल्या घरातलं जेवणाचं टेबल अडवून बसले. आपलं चित्र आता लोक पाहणार, वर नाव छापून येणार, या कल्पनेनंच ते हरखून गेले होते. पण सुनेत्राबाई चहा घेऊन आल्या, की कागद पालथा. संध्याकाळ झाली, की कच्ची चित्रं टराटरा फाडून केरात.

"काहून लपवून राहिले? मासाच आहे ना? आता कोणता दुश्मन येऊन राहिला पाहायला?"

"सवय आहे," ते पुटपुटायचे.

पक्की चित्रं पोचली आणि दीप्तीचा फोन आला. "काका, बाकी सगळे शार्क मस्त. पण तो हातोडीसारख्या डोक्याचा आहे ना, तो पोहूनच नाही राहिला. अगदी तोफगोळा वाटतो. त्याच्या पेन्सिलच्या चित्राचा फोटो तुम्ही पाठवला होता, तो कसा जिवंत होता! फोटो छपाईला चालत नाही, तो कागदच पाठवा, तोच छापते. नाही तर ते पान दुसऱ्याकडून करून घ्यावं लागेल."

तो कागद तर त्यांनी स्वतःच फाडला होता. ते पुन्हा काढायला बसले. मापं बरोबर यायची, शेपटी हलायची नाही. शेवटी त्यांनी पेन्सिल ठेवली. "दीप्तीला सांगतो, दुसरा माणूस पाहा," म्हणाले. इतका पडलेला चेहरा सुनेत्राबाईंनी निवृत्तीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

त्या उठल्या आणि कपाटातून, साड्यांखालून, एक पुठ्ठा घेऊन आल्या. त्यावर तोच शार्क, कणकेच्या खळीनं तुकडा तुकडा जोडलेला.

"तुम्ही फाडत गेले, मी जोडत गेली. इतक्या वर्षांत तुमच्या हातचं काहीच पाहिलं नव्हतं. म्हटलं, फाटलेलं तरी पाहू."

पुठ्ठा नागपूरला गेला आणि दीप्तीनं तो जोडांच्या रेघांसकट छापला.

पुस्तक घरी आलं, त्या दिवशी रत्नाकर पुढच्या पुस्तकासाठी मगरीचं चित्र काढत होते. सुनेत्राबाई चहा घेऊन आल्या. हात सवयीनं कागदाच्या कोपऱ्याकडे गेला, मग थांबला. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"बस. अजून शेपूट राहिलं आहे."