चमचाभर खिचडी

शाळेतली खिचडी मुलांना वाढण्याआधी मुख्याध्यापकांनी चाखायची, असा नियम. आमचे सर नियमाचे पक्के. रोज चमचाभर तोंडात टाकून मान हलवायचे, मगच आमच्या ताटल्या वाजायच्या. मी सातवीत गेले त्या वर्षी शिजवायला नवी मावशी आली. ती बौद्धवाड्यातली होती. त्या दिवसापासून सरांना ॲसिडिटी झाली.

मग आमच्या आळीतल्या सगळ्यांच्या दप्तरात घरचे डबे आले. खिचडीच्या पंगतीत उरली बौद्धवाड्यातली मुलं आणि टोकाला मी. मी काही मोठी शूर नव्हते. खिचडी गरम असायची, तिला लसणाची फोडणी असायची, आणि मी जात्याच हेकट.

"काऊन खातं वं ते?" बाकावरची मैत्रीण म्हणाली. "तुह्या घरी डबा नाही का?"

"मले गरम लागते."

त्यानंतर लंगडीत मला कोणी घेईना. नळावर गेले की पोरी बाजूला सरकायच्या. वाईट वाटायला हवं होतं, पण दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल होतो तशी मी आतून बधिर झाले होते.

एकदा सरांनी ऑफिसात बोलावलं. आवाज अगदी मायेचा.

"बाळ, गावातली मुलं खात नाहीत म्हटल्यावर आपल्याला बाई बदलता येते. त्यांच्यातली तू एकटी खातेस, म्हणून अडलंय. उद्यापासून डबा आण."

"सर, तुमीच चाखा ना. मंग सगळेच खातीन."

उद्धटपणाबद्दल मला दिवसभर व्हरांड्यात उभं केलं. तिथून सरांचं टेबल दिसायचं. मावशीनं रोजच्यासारखी वाटी आणून ठेवली. वाटी तशीच परत गेली. जाताना तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं.

मी डबा नेला नाही. तरी दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा चुलीपुढं दुसरीच बाई होती, आमच्यातली. सरांनी चमचा चाटूनपुसून साफ केला. सगळे पंगतीला बसले, मैत्रीण माझ्याशेजारी. खिचडीचा लगदा झाला होता. मी तो खाल्ला. काहीच वाटलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या मळ्यात मिरच्या तोडायला बाया आल्या, त्यात मावशी होती. दुपारी बाया बांधावर जेवायला बसल्या. मी भाकर घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले, पण हात भाकरीवर तसाच राहिला. आई विहिरीपाशी उभी राहून बघत होती.

मावशीनं आपल्या फडक्यातली भाकर मोडली. एक घास ठेच्याला लावून स्वतः खाल्ला, सावकाश चावला, आणि सरांसारखी मान हलवली.

"चाखली म्या," उरलेला तुकडा माझ्यापुढं धरत ती म्हणाली. "खाय आता, माय."

मी तो घेतला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडले. रडतरडतच घास चावत राहिले.