रोबोच्या कपाळाला कुंकू

आमच्या घरात कुठलंही यंत्र कुंकू लावल्याशिवाय सुरू होत नाही. फ्रिज, स्कूटर, (एकदा तर सासूबाईंचं रक्तदाब मोजायचं मशीन) सगळ्यांना माझ्याच हातचं कुंकू लागलंय.

त्यामुळे माझी लेक ऋता रोबो घेऊन ठाण्याला शाळांच्या स्पर्धेला निघाली, तेव्हा कुंकवाची डबी माझ्या खिशात होती. डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत सुट्टीभर खपून तिने तो बनवला होता. अंग श्रीखंडाच्या डब्याचं, चाकं मोडक्या खेळण्याची. जिंकली तर राज्याच्या फेरीला जाणार होती. तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

माजिवड्याच्या हॉलमध्ये शेजारच्या टेबलावर परदेशी किटचा चकचकीत रोबो दिसला आणि माझं डोकं सणकलं.

"ऋता, हा काय न्याय झाला?"

"बाबा, नियमात चालतं ते. तू प्लीज काही बोलू नको हां."

मी बोललो नाही. तपासणी उरकून ती नंबर लावायला गेली, तेवढ्यात मी रोबोच्या दोन गोल डोळ्यांच्या मधोमध ओलं कुंकू लावलं, वर अक्षता. (जरा सढळ हाताने. समोर परदेशी किट होतं!)

रोबोने भिंतींच्या भूलभुलैयातून कुठेही न धडकता आपापलं पार व्हायचं होतं. शिट्टी वाजली. आमचा रोबो पुढे जाईना. वाढपी आग्रहाला आला की पोट भरलेला पाहुणा सरकतो, तसा मागे मागेच सरकत राहिला.

मी तडक परीक्षक बाईंकडे गेलो. "मॅडम, ही बरोबरीची लढत नाही. दोन्ही रोबो तपासा."

"काका, खरंच तपासू?"

"आत्ताच्या आत्ता."

ऋता मागून माझा शर्ट ओढत होती.

बाईंनी आधी आमचाच उचलला. भिंत ओळखणाऱ्या डोळ्यांवर कुंकवाचा ओघळ आलेला, डोळ्यांच्या जाळीत तांदूळ अडकलेला. बिचाऱ्याला समोर भिंतच दिसत होती.

"तपासणीनंतर याला कुणी हात लावला?"

मी हात वर केला. बोटं लालच होती.

नियमाप्रमाणे रोबो बाद झाला. ऋताने रुमालाने आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे. शेजारची मुलं बाईंना म्हणाली, "मॅम, तिला एकदा चालवू द्या ना, मार्क नका देऊ." श्रीखंडाचा डबा एकाही भिंतीला न धडकता शेवटपर्यंत गेला. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "किटचं मी बघून घेतलं असतं रे, बाबा."

यंदाची नियमावली आली आहे. किट किती महागाचं असावं, यावर अजूनही एक अक्षर नाही. वडिलांनी किती लांब उभं राहावं, यावर मात्र अख्खा परिच्छेद आहे.