उलटी लागलेली पट्टी

लियाकत पेंटर म्हंजे माझ्या डोक्याला ताप व्हता. आता तो न्हाई, तर त्यो ताप लय आठवतो.

मी नानासो. रहिमतपूरला तंबूतला सिनेमा चालवायचो. सेहेचाळीस साली लियाकत लढाईवरनं परत आला, आणि दुकानांच्या पाट्या रंगवायच्या सोडून माझ्या दारात येऊन बसला. "नानासो, फाटकी रिळं द्या."

दिली बाबा, पिडा टळू दे म्हून. त्यानं ती सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन कोरी केली आणि पेराएवढ्या एकेका चौकटीत शाईच्या टाकानं चित्रं काढायला बसला. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रं पळत्यात. मिनिटाला चौदाशे चाळीस! मी म्हटलं, "गड्या, ह्यात म्हातारा हुशील." तो हसला न्हाई.

कारण गुंडा नावाचा पोरगा. कडेगावचा, त्याच्या पलटणीतला बिगुलवाला. इटलीच्या डोंगरात लढताना पडला. घरी त्याचा एक फोटोबी न्हवता. लियाकत भेटायला गेला तवा गुंडाची आई शालूबाई म्हणाली, "लेकराचं तोंड इसरत चालले रं बाबा. एकदा डोळ्यांनी दिसला पायजे." ह्यो शहाणा शब्द देऊन आला!

आठ महिने गेले. गड्याचे डोळे सुजले, पर पट्टी पुरी झाली. दिवेलागणीला शालूबाई बैलगाडीनं आली, पडद्याम्होरं बसली. लियाकत पडद्याशेजारी बिगूल घेऊन उभा. गुंडा सकाळी वाजवायचा ती धून तो सोता वाजवणार व्हता. मी मशीन सुरू केलं.

डोंगर आला. तोफांचा धूर आला. धुरातनं गुंडा चालत आला, बिगूल ओठाला लावला, तशी चित्रातच त्याच्या मागं बांधलेल्या पलटणीच्या खेचरांनी कान टवकारले. आयला, माझ्या अंगावर काटा आला! आणि लियाकतचा सूर मधीच तुटला.

"आवं नानासो, पट्टी उलटी लावली! बिगूल डाव्या हातात दिसतोय!"

पलटणीत बिगूल उजव्याच हातात धरायचा नेम. माझं चित्त थाऱ्यावर न्हवतं, दुसरं काय? मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीन बंद करायला हात घातला.

"थांबवू नगा!" शालूबाई उभी ऱ्हायली. पदर तोंडाला, डोळ्यांना धारा. "माजा गुंडा डावराच व्हता! इळा डाव्या हातात, गोफण डाव्या हातात. घरात समदी डावऱ्याच म्हनायची. पलटणीनं उजवा केला आसंल. पर ह्यो माजा हाय, माज्या घरचा हाय!"

लियाकत बिगूल खाली घेऊन तिच्याजवळ आला. "तीन वर्सं एका तंबूत झोपलो, मावशी. कवा बोलला न्हाई."

"हुकूम आसंल," शालूबाई म्हणाली. "लावा पुन्ना."

मी पट्टी पुन्ना लावली. उलटीच. लियाकतनं डोळे पुसले, बिगूल डाव्या हातात घेतला आणि वाजवायला लागला.