दत्ताने आणलेला बर्फ

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी लालबागला मसाला कुटून घ्यायला रांगेत उभा होतो. गिरणीच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून फूटपाथवर आलो. "भाऊजी, हे गेले. सकाळीच गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी परत आत गेलो, मसाला घेतला, गरम पुडा हातात धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो. तेव्हा पहिल्यांदा जे मनात आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण दत्ताच्या बाबतीत माझं पुष्कळ खोटं बोलून झालं आहे... आता लेखात तरी नको. त्याचं घर माझ्यापासून दोन इमारती पलीकडे, आणि तीन महिने मी त्याच्या दाराकडे फिरकलो नव्हतो.

दत्ताराम परब आणि मी काळाचौकीच्या एकाच चाळीत वाढलो, शाळेत एका बाकावर बसलो. मी विमा कचेरीत कारकून झालो आणि तो भट्ट्यांना आतून अस्तर लावणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागला. लोखंड तापवायच्या भट्टीच्या पोटात शिरून भिंतींवर पांढऱ्या गाद्यांसारखे थर ठोकायचे, दाराच्या फटीत त्याच मालाची जाड दोरी ठासून बसवायची, की आतली आग आत राहते. त्या मालाला सिरॅमिक फायबर म्हणतात. दत्ता त्याला कापूस म्हणायचा. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा त्याने खिशातून त्याची चकती काढून तळहातावर ठेवली आणि वर गॅसवर लालभडक केलेला खिळा ठेवला. माझी बायको किंचाळली. हा आपला हसतोय. म्हणाला, "वहिनी, हा कापूस हजार डिग्रीला घाबरत नाय. मी तुमच्या नवऱ्याला कशाला घाबरू?" नवीन माल बसवायचा तर आधी जुना, जळून ठिसूळ झालेला ओरबाडून काढावा लागे. तेही काम त्याचंच. तोंडाला रुमाल बांधायचा आणि आत शिरायचं. मास्क पुढे खूप वर्षांनी आले आणि आले तेही साहेब पाहणीला यायचे त्या दिवशी.

आता बर्फाचं सांगतो. मी तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी होतो. आदल्या वर्षी गणपतीच्या देखाव्यातल्या कापसाच्या ढगाने दिव्याच्या गरमीने पेट घेतला होता आणि थोडक्यात निभावलं होतं. पुढच्या वर्षी कैलास करायचा ठरला. सभेत सगळे बर्फ कशाचा करायचा यावर वाद घालत बसले, तेव्हा मीच उठून म्हणालो, दत्ता, तुझा तो न जळणारा कापूस आण की. माझीच अक्कल. पुढे कितीही वेळा मनात घोळवलं तरी ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडी बसत नाही. एका भट्टीतून काढून टाकलेलं जुनं अस्तर दत्ताने टेम्पोत घालून आणलं. फेकायचाच माल होता, कुणी अडवलं नाही. शाळेच्या हॉलमध्ये चार रविवार आम्ही ते हातांनी पिंजत होतो. मी, दत्ता, मंडळाची सगळी तरुण मंडळी आणि कॉलेजात जाणारी माझी मेघा. दारं-खिडक्या बंद, कारण वाऱ्याने बर्फ उडत होता. केसांवर, पापण्यांवर पांढरं साचायचं आणि एकमेकांना म्हातारे म्हणून चिडवायचं. मनगटांना खाज सुटली की दत्ता खोबरेल लावायला सांगायचा. त्यालाही तेवढंच ठाऊक होतं. त्या वर्षी सुरक्षित सजावटीचं बक्षीस आम्हाला मिळालं आणि ते घ्यायला स्टेजवर मी गेलो होतो.

दोन वर्षांपूर्वी त्याला धाप लागू लागली. आधी जिन्यात, मग बोलताना. परळच्या हॉस्पिटलात एका डॉक्टरबाईंनी आयुष्यभर काय काम केलं ते विचारलं आणि हा पठ्ठ्या भट्ट्यांपासून कैलासापर्यंत सगळं सांगून बसला. फुप्फुसं कडक झालीत, आता मागे फिरणं नाही, असं त्या म्हणाल्या. मंडळाच्या लोकांचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, चार रविवारांनी बहुधा कुणाला काही होणार नाही, पण जुनं अस्तर नव्यापेक्षा वाईट, तेव्हा एकदा छातीचा फोटो काढून घ्यावा. दत्ता तिथूनच माझ्याकडे आला. त्याला एकच गोष्ट हवी होती. पिंजायला बसणाऱ्यांची नावं माझ्या हजेरीवहीत होती, ती यादी. कोण कुठे राहायला गेलंय ते शोधून तो एकेकाला सांगणार होता.

मी नाही म्हणालो. मंडळाचं महत्त्वाचं वर्ष जवळ आलंय, उगाच घबराट होईल, हात दाखवून अवलक्षण कशाला, झाकली मूठ सव्वा लाखाची... मला सुचतील तेवढ्या म्हणी मी त्याच्या अंगावर फेकल्या. तो श्वास गोळा करत ऐकत राहिला. मग म्हणाला, "सुधा, मूठ झाक हवी तर. पण आत काय आहे ते तू तरी बघ. मेघा होती रे आपल्यात." मी म्हणालो, वही हरवली. वही माझ्या माळ्यावर होती. मंडळाचं नाव हा बहाणा होता. खरं हे की मेघाच्या छातीत काय आहे ते मला कळून घ्यायचं नव्हतं. तिला दिवस गेल्याचा फोन तेव्हा नुकताच पुण्याहून आला होता. मी भित्रा आहे आणि भित्रा माणूस मित्राशी किती निष्ठुर वागू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. पुढे दोन-चारदा जाऊन आलो, इकडचं तिकडचं बोललो. त्याला ऑक्सिजन लागला तसं जाणंच बंद केलं.

तेराव्याला नितीन भेटला. मंडळातला जुना कार्यकर्ता, आता लोअर परळच्या एका मॉलमध्ये देखभालीचं काम बघतो. पानावरून उठता उठता माझा हात धरून म्हणाला, "काका, थँक्यू बोलायचं राहिलं. तुम्ही दत्ताकाकांना पाठवलंत म्हणून मी एक्सरे काढला. क्लिअर आला." तो सांगत होता की लिफ्ट बंद होती, तरी दत्ताकाका त्याच्या घरी पाचव्या मजल्यावर आले, प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत बसत. आल्यावर पाणी प्यायले आणि म्हणाले, मंडळातर्फे आलोय, सेक्रेटरीने पाठवलंय. त्यानंतर आणखी दोघांनी असेच आभार मानले. मी "हं" म्हणालो. तिघांनाही. खरं सांगायची ती वेळ होती आणि तीही मी घालवली.

सगळे गेल्यावर वहिनींना विचारलं. त्यांनी कपाटातून कॅलेंडरचं एक फाडलेलं पान काढून दिलं. मागच्या कोऱ्या बाजूला दत्ताने आठवून आठवून सत्तावीस नावं लिहिली होती, काही नुसतीच टोपणनावं. बहुतेकांपुढे बरोबरची खूण होती, दोघांपुढे "पुन्हा दाखवायला सांगितलं". मेघाच्या नावापुढे लिहिलं होतं: "बाळंतपणानंतर काढला. साफ. सुधाला मी सांगतो म्हटलंय." म्हणजे ज्या तीन महिन्यांत मी त्याला चुकवत, भीत भीत दिवस काढत होतो, तेव्हा ही बातमी दोन इमारतींपलीकडे माझ्यासाठी थांबली होती. सर्वांत खाली माझं नाव होतं. त्याच्यापुढे काही नव्हतं.

"मी विचारलं होतं, बोलावू का भाऊजींना," वहिनी म्हणाल्या. "तर नको म्हणाले. तो आपणहून येईल, म्हणाले."

शेवटच्या आठवड्यात त्याने खाट फिरवून घेतली होती. पडल्या पडल्या दार दिसावं म्हणून. वहिनींनी ती अजून हलवलेली नाही.