लोकरीचा बोळा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी सणसरहून पिंपळीला आले, तेव्हा घरात खायला काही कमी नव्हतं, खाणाऱ्याचंच मन उडालं होतं. माझे सासरे, आबा, अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठायचे. जन्म मेंढरांमागं हिंडण्यात गेलेला माणूस. चरायच्या रानात ऊस उभा राहिला, मुलगा, म्हणजे माझा नवरा, साखर कारखान्यात लागला आणि कळप विकला गेला. भूकही त्याच्याबरोबरच गेली, असं सासूबाई म्हणायच्या. डॉक्टरांचं टॉनिक फळीवर तसंच पडून होतं. आबांची बंडी अंगावर लोंबायला लागली होती. हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत झिजून जाणार, या धास्तीनं मला घास गोड लागेना.

एकदा सासूबाई सहज बोलून गेल्या, "रानात असताना कढईतलं हुलग्याचं पिठलं मागून मागून खायचं." ती लोखंडी कढई मला गोठ्यात सापडली. गंजून तांबडी झालेली, आणि आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. कोंबडीला मी टोपली दिली आणि पदर खोचला.

माझ्या माहेरी बाईची परीक्षा मोरीत व्हायची. घासलेल्या भांड्यात तोंड दिसलं पाहिजे. मी विटेचा चुरा, राख, चिंच असं सगळं लावून कढई लख्ख केली आणि निथळायला पालथी घातली. सकाळी पाहते तर पुन्हा तांबडी. पुन्हा घासली, पुन्हा तेच. मीही काही कमी हट्टी नव्हते. शेवटी घासल्या घासल्या तशीच चुलीवर चढवली. पिठलं काळंकुट्ट झालं, बुडाला चिकटलं आणि त्याला खिळा चघळल्यासारखी चव आली.

आबांनी दोन घास खाल्ले. मग ताट सारून म्हणाले, "कढई कुठं हाय?"

मी आणून दिली. त्यांनी आतून हात फिरवला.

"पार सोलून काढलीस की, पोरी. मेंढराची लोकर कातरत्यात, कातडी न्हाय काढत."

"गंज होता, आबा."

"गंज काढायचाच. पर मागनं हिला काळी हू द्यायची. रानात आमी हिला कधी घासली न्हाय. पाणी उकळायचं, पुसायची, तेलाचा हात द्यायचा."

त्यांनी अंगणात तीन दगड मांडले, तुराट्या पेटवल्या. कढई तापवून उतरवली. मग बंडीच्या आतल्या खिशातून एक पुरचुंडी काढली. तिच्यात काळ्या लोकरीचा बोळा होता. तो त्यांनी करडईच्या तेलात बुडवला आणि कोमट कढई आतून पुसायला लागले. दारात उभ्या सासूबाई म्हणाल्या, "अवो, ती तर..." आणि आत वळल्या.

तापवायची, उतरवायची, पुसायची. त्या नादात आबा बोलायला लागले. वरकुट्याच्या माळावर वाऱ्यानं चूल कशी टिकायची नाही, कुठली मेंढी पिठल्याच्या वासानं चुलीपाशी यायची. लग्न झाल्यापासून त्यांचे एवढे शब्द मी ऐकले नव्हते. ऊन कलेपर्यंत कढई काळीभोर झाली.

आत गेल्यावर सासूबाईंनी हळूच सांगितलं, "कळप गाडीत चढताना म्हाताऱ्या मेंढीची कातरून घेतल्याली लोकर हाय ती. मलाबी हात लावू देत न्हवते."

मी तशीच बाहेर गेले. "आबा, ती लोकर तुमी तेलात घातली?"

"खिशात ठिवून काय तिला कोकरं हुणार व्हती? कढईपाशी ठिव. रोज हाताला लागंल."

संध्याकाळी मी पुन्हा पिठलं केलं. ते कढईतून अलगद सुटलं. आबांनी भाकरी संपवली, बोटं चाटली आणि ताट पुढं केलं.

परातीत पीठ नव्हतं. आबांची दुसरी भाकरी मी कधी हिशेबात धरलीच नव्हती. डोळे पुसत मी पुन्हा पीठ मळायला बसले.